पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पोट रुळावर कसं आणायचं?



पित्तखड्यांचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की भेटायला येणारे विचारतात, "टाके किती?", "खडे केवढे निघाले?" खडे डबीत घालून दाखवलेही जातात. पण रुग्णाची खरी अडचण कुणी विचारत नाही. मी उठून निघाले की रुग्ण हळूच हात धरून सांगतो, "ताई, चार दिवस झाले, पोट साफ नाही." नाहीतर दुसरं टोक: "जेवलं की लगेच पळावं लागतं." ही गोष्ट लाजेची नाही. ऑपरेशन नीट पार पडलं की नाही, हे कळायच्या खुणांपैकी ही एक मोठी खूण आहे. म्हणून या वेळचा धडा पोटाचा.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या वस्तीतल्या एका मावशींचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. चौथ्या दिवशी पोट फुगलं, शौचाला झालेली नव्हती, मळमळ होती. घरच्यांना वाटलं, बद्धकोष्ठ आहे. शेजारणीने एरंडेल दिलं. रात्री उलट्या सुरू झाल्या. सुनेने पाहिलं की सासूला थंडी वाजतेय आणि पोटाला हात लावू देत नाही. तिने कुणाचं ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. तपासणीत कळलं की आत पित्त गळून पोटात साचलं होतं. उपचार झाले, मावशी बऱ्या झाल्या. पण डिस्चार्ज कार्डावर "या खुणा दिसल्या तर परत या" असं लिहिलेलं होतं, ते इंग्रजीत होतं आणि घरात कुणी वाचलं नव्हतं. आम्हा नर्सेसपैकीही कुणी ते त्यांना समजावून सांगितलं नव्हतं. साधं बद्धकोष्ठ कोणतं आणि धोक्याचं पोट कोणतं, हा फरक आपल्या प्रत्येक घराला कळला पाहिजे.

पित्ताशय काढलं म्हणजे काय झालं?

पित्त यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतं. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. तेल, तूप, चरबी पचवायला ते लागतं. पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. ती पित्त साठवते, घट्ट करते आणि तेलकट जेवण पोटात गेलं की आतड्यात सोडते. पिशवीत खडे झाले आणि त्रास सुरू झाला की ती काढावी लागते.

पिशवी गेली तरी पित्त बनायचं थांबत नाही. घरातली टाकी काढली आणि नळ सरळ मोरीत सोडला, तसं समजा. पित्त आता थेंबथेंब सतत आतड्यात येत राहतं. म्हणून "पित्ताशय नाही, आता जन्मभर तेल बंद" हे खरं नाही. शरीराला थोडा वेळ द्यायचा असतो, एवढंच.

पूर्वी हे ऑपरेशन बरगडीखाली मोठा छेद घेऊनच व्हायचं. आपल्या देशात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. सरकारी रुग्णालयात ही सुरुवात झाली, हे लक्षात ठेवा. आता बहुतेकांचं ऑपरेशन तीन-चार छोट्या छिद्रांतून होतं. सूज फार असेल किंवा आत सगळं चिकटलेलं असेल, तर अजूनही मोठा छेद घ्यावा लागतो. तसं झालं तर पोट रुळावर यायला जास्त दिवस लागतात.

पोट का थांबतं?

एकच कारण नसतं. चार-पाच कारणं एकत्र येतात.

१. भूल. पूर्ण भूल दिली की आतडीही सुस्तावतात. लहान आतडं काही तासांत जागं होतं, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागू शकतात.

२. दुखण्याच्या काही गोळ्या. ट्रामाडॉलसारख्या जोरकस गोळ्यांनी शौच घट्ट होते. पॅरासिटामॉलने तसं होत नाही.

३. खाणं-पिणं कमी. ऑपरेशनच्या आधी उपाशी, नंतर दोन घास. आत काही गेलं नाही तर बाहेर काय येणार?

४. पडून राहणं. माणूस हलला नाही तर आतडंही हलत नाही.

५. रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्या. त्यांनीही शौच घट्ट आणि काळपट होते.

आणि सहावं कारण कुठल्या पुस्तकात सापडत नाही, पण वस्तीत रोज दिसतं. संडास सार्वजनिक, रांग मोठी, रात्री दिवा नाही. मग बाई मुद्दाम पाणी कमी पिते. आलेली शौच दाबून ठेवते. दाबून ठेवली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि ती आणखी घट्ट होते.

दिवसामागून दिवस काय अपेक्षित आहे?

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं साधारण गणित असं:

• पहिला दिवस: पोट थोडं फुगलेलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्यामुळे उजवा खांदा दुखू शकतो. हा दुखावा एक ते तीन दिवसांत जातो. चालल्याने लवकर कमी होतो.

• पहिला-दुसरा दिवस: वारा सरायला लागतो. डॉक्टर "गॅस पास झाला का?" असं विचारतात ते यासाठीच. आतडं जागं झाल्याची ती पहिली खूण. लाजून "हो" म्हणू नका, खरं सांगा.

• दुसरा ते चौथा दिवस: पहिली शौच. थोडी, घट्ट किंवा पातळ, कशीही असू शकते.

• पहिले काही आठवडे: कधी घट्ट, कधी पातळ. हळूहळू जुनी सवय परत येते.

तीन-चार दिवस शौच नाही, पण वारा सरतोय, उलटी नाही, ताप नाही, खाणं जातंय, तर घाबरायचं कारण नाही. पुढचे उपाय करा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा.

घरी काय करायचं?

चाला. हे सगळ्यात स्वस्त औषध. बहुतेक रुग्णांना त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवतात. घरी आल्यावर जागेपणी दर दोन-तीन तासांनी पाच-दहा मिनिटं चाला. दहा बाय दहाची खोली असेल तर गल्लीत चाला. पहिले दोन दिवस कुणीतरी सोबत असू द्या, चक्कर येऊ शकते. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, मग बसा. खोकताना-शिंकताना पोटावर उशी धरा.

पाणी प्या. दिवसभरात आठ ते दहा ग्लास. एकदम नाही, घोट घोट. सकाळी उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर तेच पाळा.

वेळ ठरवा. नाश्ता किंवा चहा पोटात गेला की अर्ध्या तासात मोठं आतडं आपोआप हलतं. ती वेळ साधा. भावना झाली की दाबू नका. नसेल झाली तर पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त बसून राहू नका.

कुंथू नका. जोर केला की टाक्यांवर ताण येतो आणि पुढे त्या जागी हर्निया होऊ शकतो. आपला उकिडवं बसायचा संडास शौचेसाठी चांगलाच आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बसायला हरकत नाही, फक्त उठताना भिंतीचा किंवा माणसाचा आधार घ्या. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, म्हणजे गुडघे वर येतात. मोठा छेद असेल तर काही दिवस भोक असलेली खुर्ची संडासावर ठेवून वापरा.

गोळ्यांबद्दल विचारा. दुखणं सहन करत पडून राहणंही चुकीचं, कारण दुखतं म्हणून माणूस चालत नाही. डॉक्टरांना विचारा: "जोरकस गोळी कमी करून साधी देता येईल का? लोहाची गोळी काही दिवस थांबवता येईल का?" स्वतःहून बंद करू नका.

इसबगोल चालेल का? चालेल, पण खाणं-पिणं नीट सुरू झाल्यावर. रात्री एक-दोन चमचे ग्लासभर पाण्यात, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलानेच पोट गच्च होतं. इतर गोळ्यांच्या आधी किंवा नंतर दोन तास सोडून घ्या. तरीही शौच झाली नाही तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखं पातळ औषध देतात.

हे करू नका: एरंडेल, जमालगोटा, जाहिरातीतली जुलाबाची चूर्णं, घरच्या घरी एनिमा, पोट चोळून घेणं. पोट फुगलेलं असताना, उलटी होत असताना कुठलंही जुलाबाचं औषध देणं धोक्याचं. आतडं बंद पडलेलं असेल किंवा आत पित्त गळत असेल, तर जुलाबाने फायदा काहीच होत नाही आणि दवाखान्यात जायचा वेळ जातो.

मिश्रीचं काय?

"मिश्री लावल्याशिवाय मला होतच नाही" असं सांगणाऱ्या खूप जणी भेटतात. खोटं नाही ते. तंबाखूने आतडं हलतं, आणि शरीराला त्याची सवय लागते. पण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. रुग्णालयातले एक-दोन दिवस मिश्रीशिवाय गेलेलेच असतात. तिथूनच पुढे मोजा. मिश्रीच्या वेळी कोमट पाणी आणि कमी दुधाचा चहा घ्या, मग गल्लीत दोन फेऱ्या मारा. आठवडाभर जड जाईल, पण मिश्री सोडायची याहून चांगली संधी लवकर येत नाही.

ताटात काय असावं?

पहिले एक-दोन दिवस: पेज, डाळीचं पाणी, पातळ ताक, मऊ भात. नंतर मुगाची खिचडी, इडली, ज्वारीची मऊ भाकरी, वरण, दुधी, दोडका, पडवळ, गाजर. फळांत पिकलेलं केळं, पपई. मधुमेह असेल तर फळाचं माप डॉक्टरांना विचारून.

अंडं उकडून चालतं. मासे पातळ कालवणात चालतात, तळलेले नकोत. कोंबडी कातडी काढून, कमी तेलात. लाल तर्रीचं मटण, वजडी, पाया, तळलेली सुकट, भजी, वडापाव, साय, वनस्पती तूप हे दोन-तीन आठवडे लांबच ठेवा. पहिल्याच रविवारी "ताकद यावी" म्हणून मटणाचा रस्सा पाजला आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या झाल्या, असे रुग्ण मी मोजणं सोडून दिलं आहे. ताकद रश्श्यातल्या तर्रीत नसते. ती डाळीत, अंड्यात, माशात असते.

तेलाचं माप सोपं ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे एका माणसामागे दिवसाला तीन-चार चहाचे चमचे. मग हळूहळू वाढवा. एक पदार्थ सुरू केला की दोन दिवस पाहा. सोसला तर पुढचा. तेल पूर्ण बंदही करू नका, काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत.

दोनदा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं खा. वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणारे आपल्यात बरेच आहेत. ऑपरेशननंतरचा महिना दीड महिना तो नियम बाजूला ठेवा. आजाऱ्याने वेळेवर खाणं यात शील मोडत नाही.

तंतुमय पदार्थ, म्हणजे पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, कोंड्यासकट भाकरी, एकदम वाढवू नका. गॅस धरतो. आठवडाभराने थोडं थोडं वाढवा.

आणि जुलाब होत असतील तर?

दहा जणांत एका-दोघांना ऑपरेशननंतर पातळ शौच होते, बहुधा सकाळी किंवा जेवणानंतर. पित्त सतत आतड्यात येतं, त्यातलं जास्तीचं मोठ्या आतड्यात पोचलं की ते पाणी ओढून घेतं. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

तोवर काय करायचं? तेल आणखी कमी करा. जेवणाचे भाग लहान करा. फार तिखट, जास्त चहा-कॉफी, जास्त दूध टाळा. मऊ भात, केळं, ताक घ्या. इसबगोल इथेही उपयोगी पडतं, कारण ते जास्तीचं पाणी धरून ठेवतं. अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून ओआरएस प्या. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ते मिळतं.

तीन-चार आठवड्यांनीही जुलाब थांबले नाहीत, रात्री झोपेतून उठावं लागतं किंवा वजन उतरतंय, तर डॉक्टरांकडे जा. पित्त बांधून ठेवणारं औषध असतं. "ऑपरेशन झालं ना, आता असंच राहणार" म्हणून वर्षानुवर्षं सोसू नका.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

हा भाग कापून भिंतीला लावा.

• पोट फुगत चाललंय, कडक झालंय, हात लावू देत नाही.
• दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय.
• सतत उलट्या, पाणीही राहत नाही.
• दोन दिवस वाराही सरला नाही, शौचही नाही.
• ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, किंवा थंडी वाजून ताप.
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी मातीसारखी.
• शौचेत रक्त, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच.
• टाक्यांतून पू किंवा पिवळं-हिरवं पाणी.
• धाप लागणं, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखणं.

यातलं एक जरी दिसलं तरी ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी जा. रात्र असेल तरी जा. रुग्णाची अवस्था वाईट असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या. वाटेत काही खायला देऊ नका.

घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं काम

पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, कडेवरचं मूल: दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर निदान दोन आठवडे, मोठ्या छेदानंतर सहा आठवडे उचलायचं नाही. बाईचं ऑपरेशन झालं की तिसऱ्या दिवशी ती नळावर दिसते. तेव्हा मला तिच्यापेक्षा घरातल्या पुरुषांना बोलावंसं वाटतं. हंडा मुलाने, नवऱ्याने उचलावा. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन.

सार्वजनिक संडासाच्या रांगेत ऑपरेशन झालेल्या माणसाला पुढे सोडा. गल्लीत आधीच सांगून ठेवा. रात्रीसाठी घरात झाकणाचं भांडं आणि फिनाईल ठेवा. त्यात लाज कसली? रुग्णालयात आम्ही सगळ्यांना भांडं देतोच. नंतर हात साबणाने धुवा, जखमेला हात लावण्याआधी तर नक्कीच.

डिस्चार्ज घेताना हे पाच प्रश्न विचारा

१. ऑपरेशन दुर्बिणीने झालं की मोठ्या छेदाने? नळी ठेवली होती का?
२. यातली कोणती गोळी पोट घट्ट करते? ती किती दिवस?
३. शौच झाली नाही तर कोणतं औषध, कितव्या दिवशी सुरू करू?
४. माझ्या आधीच्या गोळ्या, शुगरच्या, बीपीच्या, कधीपासून?
५. त्रास झाला तर कोणत्या नंबरवर, कुणाला फोन करू?

उत्तरं मराठीत लिहून मागा. "कार्डावर आहे" असं उत्तर मिळालं तर नम्रपणे म्हणा, "वाचून दाखवा." सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याची मदत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हेही भरती होण्याआधी त्यालाच विचारा. मी नर्स होते तेव्हा वॉर्डात साठ-साठ रुग्ण असायचे आणि घाईत समजावणं राहून जायचं. पण रुग्णाच्या सुनेने थांबून एक प्रश्न विचारला की मला थांबावंच लागायचं.

त्या मावशी आता ठणठणीत आहेत. भाकरी, वरण, अधूनमधून मासे, सगळं खातात. गल्लीत कुणाचंही ऑपरेशन झालं की आधी त्यांची सून जाते, डिस्चार्ज कार्ड मागते आणि विचारते, "वारा सरला का?"